फळ्याच्या कोपऱ्यातली नावे

माझ्या लहानपणी आमच्या शाळेत फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला असे. गुरुजी हेडमास्तरांच्या खोलीत गेले, किंवा नुसतेच चहाला गेले, की वर्गाचा मॉनिटर खडू घेऊन त्या चौकोनापाशी उभा राही आणि बोलणाऱ्यांची नावे लिही. एकदा नाव लिहिले गेले की पुढच्या प्रत्येक शब्दाला त्याच्यापुढे एक फुली. गुरुजी परत आले की फुल्यांच्या हिशेबाने हातावर छड्या. माझे नाव त्या चौकोनात इतक्या वेळा असे, की एका सुट्टीनंतर शाळा उघडली आणि फळा कोरा दिसला तेव्हा आपल्याला शाळेतून काढले की काय, अशी मला क्षणभर धास्ती वाटली. मॉनिटरशी गोट्यांवरून भांडण झालेल्या आठवड्यात तर मी तोंड उघडायच्या आतच माझ्या नावापुढे दोन फुल्या असत.

आज मी त्याच फळ्याच्या दुसऱ्या अंगाला उभा आहे. जुन्या भाषेत सांगायचे तर माझे शिक्षण मॅट्रिक. त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका आणि पंचवीस वर्षांची नोकरी. रात्री कादंबऱ्या लिहितो, पण त्याचे पाप विद्यार्थ्यांच्या माथी मारत नाही. चित्रकलेचा तास कसा असतो हे ज्यांनी तो घेतला आहे त्यांनाच ठाऊक. गणिताच्या तासाला दाबून ठेवलेली सारी वाफ मुले चित्रकलेच्या तासाला सोडतात. छडी आता गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली आणि तो कायदा २०१० सालच्या एप्रिलपासून लागू झाला, हे उत्तमच झाले. पण छडी काढून घेतल्यावर त्या हातात काय द्यायचे, हे सांगायला मात्र कोणी आले नाही. फळ्याचा तो कोपरा होता तिथेच राहिला.

गेल्या वर्षी दिवाळीला माझी भाची पुण्याहून आली होती. ती मानसशास्त्र शिकते. फराळाच्या ताटावर मी नेहमीप्रमाणे पाचवीच्या वर्गाचे रडगाणे लावले, तेव्हा चकली मोडता मोडता ती म्हणाली, "मामा, तुझ्या त्या फळ्याच्या कोपऱ्यावर अमेरिकेत पन्नास वर्षांहून जास्त संशोधन झालंय, तुला माहीत आहे का?" मला वाटले, पोरगी थट्टा करते आहे. पण दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप उघडून एक जुना निबंध मला वाचून, समजावून सांगितला. माझे इंग्रजी मॅट्रिकचेच; पण गोष्ट वर्गाची होती, त्यामुळे अडले नाही.

ती गोष्ट अशी. अमेरिकेच्या मधोमध कॅन्सस नावाचे राज्य आहे. तिथे लॉरेन्स या गावी विद्यापीठ आहे आणि त्याच्या जवळच बाल्डविन सिटी नावाचे एक लहानसे गाव. १९६७ साली या गावातल्या चौथीच्या वर्गावर म्युरिएल सॉन्डर्स नावाच्या एक नवख्या शिक्षिका होत्या. वर्गात चोवीस मुले. (चोवीस! माझ्या पाचवीत सेहेचाळीस आहेत, पण असो.) त्यांपैकी सात मुलांना वारंवार मुख्याध्यापकांकडे पाठवावे लागत असे. जागेवरून उठणे, परवानगीवाचून बोलणे, शिट्ट्या मारणे, भांडणे. यादी वाचताना मला ही सारी मुले ओळखीची वाटली.

सॉन्डर्सबाई, विद्यापीठातल्या विद्यार्थिनी हॅरिएट बॅरिश आणि प्राध्यापक माँट्रोज वुल्फ या तिघांनी मिळून एक खेळ रचला. नाव अगदी साधे : चांगल्या वागणुकीचा खेळ. वर्गाचे दोन संघ पाडायचे. नियम आधी मुलांना समजावून सांगायचे. खेळाच्या वेळात कोणी नियम मोडला, की बाई फळ्यावर त्याच्या संघाच्या नावाखाली एक रेघ मारणार. शेवटी ज्याच्या रेघा कमी तो संघ जिंकला. पण दोन्ही संघांच्या रेघा ठरलेल्या आकड्याच्या आत राहिल्या तर दोघेही जिंकले. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे स्पर्धा म्हटली की एकाने जिंकायचे आणि उरलेल्यांनी तोंड पाडून घरी जायचे, असा रिवाज. इथे साऱ्या वर्गाला जिंकता येत होते.

बक्षिसे काय होती? मला वाटले, अमेरिकाच ती, काहीतरी भारी असणार. तर छातीवर लावायची एक विजयाची चिठ्ठी, तक्त्यावर नावापुढे एक चांदणी, जेवणाच्या रांगेत पहिला मान, आणि दिवसाच्या शेवटी अर्धा तास आपल्या आवडीचे काम करायची मोकळीक. हरलेल्या संघाने तेवढा वेळ नेहमीचा अभ्यास पुढे चालवायचा. बस्स. शाळेत नसलेली एकही वस्तू विकत आणलेली नव्हती.

हे सारे चालू असताना निरीक्षक वर्गात बसून नोंदी करीत होते. खेळाआधी गणिताच्या तासात नोंदीच्या दर १०० अवकाशांपैकी सुमारे ९६ अवकाशांत कोणी ना कोणी परवानगीवाचून बोलत होते आणि ८२ अवकाशांत कोणी ना कोणी जागा सोडून उठलेले होते. खेळ सुरू झाल्यावर हेच आकडे १९ आणि ९ वर आले. मग त्यांनी एक मोठी चतुराई केली. गणिताचा खेळ बंद केला आणि वाचनाच्या तासाला सुरू केला. लगेच गणितात पुन्हा बाजार भरला आणि वाचनाचा तास शांत झाला. म्हणजे मुले आपोआप मोठी होऊन शहाणी झाली, असे म्हणायला जागा उरली नाही. १९६९ साली हा निबंध छापून आला.

पण त्या निबंधातली एक बारीकशी गोष्ट माझ्या मनात अडकून राहिली. दोन मुलांनी आपण हा खेळ मुळीच खेळणार नाही, असे ठणकावून सांगितले. त्यांच्यापायी साऱ्या संघाला रेघा पडू लागल्या. तेव्हा त्यांच्यामुळे इतरांना शिक्षा नको म्हणून त्यांना संघातून वेगळे काढण्यात आले. निबंधात ही गोष्ट चार ओळींत उरकली आहे. संशोधकाला चार ओळी पुरतात. कादंबरीकाराला त्या दोन पोरांचे पुढे काय झाले, घरी जाऊन त्यांनी आईला काय सांगितले, याची हुरहूर लागून राहते. भाचीला विचारले तर ती म्हणाली, "मामा, ते तुझं खातं, आमचं नाही."

आता एका वर्गात, एका हुशार बाईंनी, मागे विद्यापीठ उभे असताना केलेली गोष्ट, ही काही जगात चालती होण्याची खूण नव्हे. तशा युक्त्या प्रत्येक शाळेत एखाद्या जुन्या मास्तरांच्या पोतडीत असतात आणि ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर जातात. या खेळाचे भाग्य असे, की तो हरवला नाही. १९८३ साली सुदानमधल्या दुसरीच्या एका वर्गात तो खेळून पाहिल्याचा निबंध निघाला; तिथे बक्षिसांत मुलांच्या घरी शाबासकीची पत्रे पाठवण्याची कल्पना होती. ते वाचून मला भरून आले. मास्तरांची चिठ्ठी घरी येणे म्हणजे संकट, एवढेच आमच्या पिढीला ठाऊक.

मग या गोष्टीत शेपर्ड केलम नावाचे एक मनोविकारतज्ज्ञ येतात. १९६० च्या दशकात ते शिकागो शहराच्या वुडलॉन या गरीब, बहुतांशी काळ्या लोकांच्या वस्तीत काम करीत होते. तिथल्या पहिलीच्या मुलांचा माग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे ठेवला. त्यातून एक काळजीची गोष्ट दिसली : पहिलीतच ज्या मुलग्यांबद्दल 'फार मारकुटा, फार दांडगा' असे बाई सांगत होत्या, ते पुढे पौगंडावस्थेत मादक पदार्थांकडे वळण्याचा धोका इतरांहून अधिक होता. सहा वर्षांच्या पोराच्या दांडगाईत पुढचे संकट दिसत होते. पण दिसले म्हणून काय करायचे?

केलम पुढे बॉल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि त्या शहराच्या शाळाखात्याला बरोबर घेऊन १९८५-८६ साली त्यांनी १९ प्राथमिक शाळांत मोठा प्रयोग मांडला. कोणते मूल पहिलीच्या कोणत्या वर्गात बसणार हे वशिल्याने वा गुणांनी न ठरवता सारख्या वाटणीने ठरवले. काही वर्गांत हा खेळ, काहींत दुसरा उपक्रम, काहींत नेहमीचेच चालू. खेळाचे संघ पाडताना दांडगी मुले सगळ्या संघांत सारखी वाटली, लाजरीबुजरीही तशीच. म्हणजे उडाणटप्पू एका बाकावर आणि शहाणी दुसऱ्या बाकावर, हा आपला नेहमीचा वर्णाश्रम तिथे मोडला. चारपर्यंत रेघा पडलेला प्रत्येक संघ जिंकणार. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, दहा दहा मिनिटे. बक्षीसही आधी वस्तूचे आणि तिथल्या तिथे; मग हळूहळू खेळ लांबवायचा, बक्षीस लांबणीवर टाकायचे, वस्तूऐवजी एखादी सवलत द्यायची, आणि पुढे पुढे खेळ सुरू झाल्याचे आधी सांगायचेही नाही. आई पोराला चालायला शिकवताना बोट कसे सोडते, त्यातलाच हा प्रकार.

आणि एक पथ्य : रेघ मारताना बाईंनी रागवायचे नाही. कोणी, कोणता नियम मोडला हे शांतपणे सांगायचे, रेघ मारायची आणि शिकवणे पुढे चालू. वाचायला सोपे आहे.

या मुलांचा माग ती १९ ते २१ वर्षांची होईतो ठेवला गेला. पहिलीत हा खेळ खेळलेल्या मुलग्यांत मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्यांचे प्रमाण इतर वर्गांतल्या मुलग्यांच्या मानाने सुमारे निम्म्यावर आले होते, आणि पहिलीत सर्वांत दांडगे असलेल्या मुलग्यांत हा फरक आणखीच मोठा होता. आणखी एक निष्कर्ष तर मला झोपू देईना. दांडगा मुलगा जर विस्कळीत, आरडाओरड्याच्या वर्गात पडला, तर त्याची दांडगाई पुढच्या वर्षांत वाढत जाई. तसाच मुलगा नीट चाललेल्या वर्गात पडला तर तो धोका पुष्कळ कमी होई. जून महिन्यात 'अ' तुकडी मिळाली की 'ब', एवढ्या चिठ्ठीवर पोराचे भवितव्य झुकत होते! मी माझ्या पंचवीस वर्षांच्या तुकड्या मनात मोजू लागलो आणि मोजणी अर्ध्यावरच टाकली.

पण वाचकहो, मला तुम्हाला सांगायची आहे ती गोष्ट याच्या पुढची आहे. ती या साऱ्या विजयकथेत मागच्या बाकावर बसलेली असते. १९८६-८७ साली त्याच शाळांत पहिलीची नवी मुले आली. शिक्षिका त्याच, खेळ तोच. पहिल्या वर्षी या शिक्षिकांना सुमारे ४० तासांचे शिक्षण दिले गेले होते; एवढेच नव्हे, तर वर्षभर कोणीतरी वर्गात येऊन पाही, अडचण विचारी, चुकले तर दाखवून देई. दुसऱ्या वर्षी हा आधार पुष्कळ कमी झाला. खेळ आता येतोच की, असे वाटले असेल. आणि दुसऱ्या वर्षीच्या मुलांत परिणाम दिसला तो त्याच दिशेचा, पण कितीतरी फिका.

इंग्लंडात २०१५ ते २०१७ या काळात ७७ प्राथमिक शाळांत हाच खेळ तपासला गेला. वाचनाच्या प्रगतीवर त्याचा काही परिणाम आढळला नाही आणि खेळ सोपवलेल्या शाळांपैकी सुमारे पाव शाळांनी तर तो मध्येच सोडून दिला. हे वाचून कोणी म्हणेल, 'पाहा, शेवटी खेळ खोटाच.' मला तसे वाटत नाही. एकदा शिकवलेली गोष्ट माणसाला कायमची आली, हा समज आपण मुलांच्या बाबतीत कधीच बाळगत नाही. उजळणी घेतो, गृहपाठ देतो, चाचणी घेतो. शिक्षकांच्या बाबतीत मात्र दोन दिवसांचे प्रशिक्षण, एक फाईल, दुपारचे जेवण, हजेरीची सही, की झाले. शिक्षकालाही उजळणी लागते, हे बॉल्टिमोरच्या त्या दुसऱ्या वर्षाने मला जेवढे स्पष्ट सांगितले तेवढे कोणत्याच प्रशिक्षणाने सांगितले नाही.

अर्थात हे शहाणपण मला नंतर सुचले. आधी मी ठेच खाल्लीच. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी पाचवीत खेळ सुरू केला. मुलांनी संघांची नावे ठेवली रायगड आणि तोरणा. पहिला आठवडा असा शांत गेला की मुख्याध्यापकांनी दारातून डोकावून, "सर, बरं आहे ना?" अशी चौकशी केली. बक्षीस म्हणून शेवटची दहा मिनिटे हवे ते चित्र काढायची परवानगी होती. फुलदाणीच्या स्थिरचित्राला कंटाळलेली मुले त्या दहा मिनिटांत काय काय काढीत! जेसीबी, कबड्डी, आजीचे घर, आणि एकदा मीही, पोटासकट.

तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, "मी नाही खेळणार." तोरण्याच्या रेघांपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या होत्या. मधल्या सुट्टीत त्याच्याच संघाच्या मुलांनी त्याला पाण्याच्या टाकीमागे गाठले होते, हे मला दोन दिवसांनी कळले. माझ्या शांत वर्गाची किंमत तो टाकीमागे मोजत होता.

कॅन्ससच्या त्या चार ओळी मला तेव्हा आठवल्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, "सारखा उठतोस का रे?" तो काही बोलेना. शेवटी त्याच्या बाकावरच्या मुलीने सांगितले, "सर, त्याच्याकडे रंगच नाहीत." निळा हवा तर या बाकावर, हिरवा हवा तर त्या बाकावर, पोरगा रंग मागत वर्गभर फिरत होता आणि मी प्रत्येक फेरीला एक रेघ मारत होतो. शांतपणे, न रागावता, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. पंचवीस वर्षे चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला हे दिसू नये! त्या दिवसापासून रंगाच्या पेट्या संघाच्या झाल्या, प्रत्येक गटाच्या मधोमध ठेवलेल्या. टाकीमागच्या प्रकाराबद्दल दोन्ही संघांशी बोललो. संघातल्या कोणाला दमदाटी केली तर ती त्या दिवसाची सर्वांत मोठी रेघ, असा नियम मुलांनीच सुचवला. पोरगा चार दिवस बाजूला बसला, पाचव्या दिवशी कोणाला न सांगता तोरण्यात जाऊन बसला. मीही काही बोललो नाही.

आणि मग डिसेंबर उजाडला. स्नेहसंमेलनाचे पडदे चित्रकलेच्या मास्तरांनी रंगवायचे, हा अलिखित नियम. पडदे झाले, मग क्रीडास्पर्धांचे फलक, मग प्रजासत्ताक दिनाच्या रांगोळ्या, मग मतदारयाद्यांचे काम. एका तासाला खेळ राहिला, मग आठवड्याला राहिला. कोणी विचारले नाही. फेब्रुवारीत एकदा वर्गात शिरलो तर फळ्याच्या कोपऱ्यात मॉनिटरने चौकोन आखला होता आणि त्यात सात नावे होती. ती मी पुसली. पण संघही पुन्हा लिहिले नाहीत. माझे बॉल्टिमोरचे दुसरे वर्ष तीन महिन्यांतच आले होते.

यंदा जूनमध्ये तोच मुलगा सहावीत आला. वर्गाच्या दारातच त्याने विचारले, "सर, यंदा तोरणा आहे का?" मी "बघू" म्हणालो. मास्तरांच्या 'बघू'चा अर्थ मुलांना बरोबर समजतो. त्याने मान खाली घातली आणि जागेवर जाऊन बसला. मला ते सहन होईना. मधल्या सुट्टीत मी शेजारच्या तुकडीच्या मराठीच्या बाईंना सारी हकिकत सांगितली आणि एक विनंती केली : मंगळवारी तुमचा मोकळा तास असतो, त्या वेळी माझ्या वर्गात मागे येऊन बसा, शुक्रवारी माझा मोकळा असतो, तेव्हा मी तुमच्या वर्गात बसेन. विद्यापीठ नाही तर निदान शेजार तरी.

जुलैपासून हे चालले आहे. दोन मंगळवार पावसाने बुडाले, एक बदलीतासाने. बाई मागच्या बाकावर बसतात, वहीत काहीतरी टिपतात आणि तास संपल्यावर चहा पिताना सांगतात. पहिल्याच मंगळवारी त्यांनी दाखवले, की पुढच्या बाकावरच्या दोन मुली तासभर कुजबुजत होत्या आणि त्यांना मी एकही रेघ दिली नाही. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "सर, नियम चांगले सांगता, पण कोणी पाळला तर त्याला तुम्ही काहीच म्हणत नाही." मी तेही वहीत लिहून घेतले. गेल्या मंगळवारी तास फार छान झाला असे मला वाटले. रायगडाच्या तीन रेघा, तोरण्याच्या चार, दोन्ही जिंकले. मी खुशीत चहाला गेलो आणि विचारले, "काय बाई, आज तरी काही नाही ना?"

बाई म्हणाल्या, "नाही, आज सगळं ठीक होतं. फक्त तोरण्याची रेघ मारताना तुम्ही अजून दातओठ खाता."